तापात उतरलेलं कोलेस्टेरॉल

सकाळी ६.३०

रुग्णांचे नमुने लावण्याआधी यंत्राची परीक्षा. ज्याचे आकडे आधीच ठाऊक आहेत असा कंट्रोल सीरम यंत्राला द्यायचा आणि त्याचं उत्तर ठरलेल्या मर्यादेत येतं का ते पाहायचं. ग्लुकोज, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, मग लिपिड प्रोफाइलचे चार घटक. सगळं जुळल्याशिवाय एकही अहवाल बाहेर जात नाही. मी जीवरसायनशास्त्राची डॉक्टर आहे आणि सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचं काम पाहते. आमच्याकडे शहराच्या पूर्व भागातून, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहून आणि सीमेपलीकडच्या इंडी-विजापूरहून रुग्ण येतात. नोंदणीच्या खिडकीवर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषा सकाळपासूनच सुरू असतात.

रात्रपाळीचा तंत्रज्ञ निघताना सांगतो, "मॅडम, एकच्या सुमारास आयसीयूत एक मावशी आल्यात. लघवीचा संसर्ग, बीपी लागत नव्हतं. कल्चरच्या दोन्ही बाटल्या मशीनमध्ये आहेत. लॅक्टेट ५.२."

लॅक्टेट दोनच्या आत असायला हवं. ५.२ म्हणजे शरीराच्या पेशींपर्यंत रक्त नीट पोचत नाही, असं समजायचं आणि कामाला लागायचं.

सकाळी ७.३०

सेंट्रिफ्यूज थांबलं. नळ्या रॅकवर लावताना एक वेगळी दिसते. वरचा द्रव गव्हाळ-पिवळा असायला हवा, इथे तो दुधासारखा पांढरा आहे. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाचा नमुना. अशा नळीवर मी लगेच विश्वास ठेवत नाही. रक्तातली चरबी प्रकाश अडवते, त्यामुळे हिमोग्लोबिन खोटं वाढलेलं दिसू शकतं. मोठ्या यंत्रात नमुना आधी पातळ केला जातो आणि चरबीनं जागा व्यापलेली असल्यानं सोडियम खोटं कमी येऊ शकतं. सोडियम कमी आहे असं समजून कुणी सलाइन बदललं तर नुकसान रुग्णाचं. म्हणून सोडियम ब्लड गॅसच्या यंत्रावर, नमुना पातळ न करता, पुन्हा पाहायचं.

आयसीयूत फोन लावते. "सिस्टर, या पेशंटला प्रोपोफॉल चालू आहे का?"

चालू आहे. झोपेसाठी दिलं जाणारं हे औषध सोयाबीन तेलाच्या दहा टक्के दुधाळ मिश्रणात येतं, दर मिलिलिटरला चरबीतून १.१ किलोकॅलरी शरीरात जातात. त्यात संसर्ग असला तर शरीर ही चरबी वेळेत वापरू शकत नाही. हे औषध ज्या नळीतून जातं त्याच नळीतून नमुना घेतला नव्हता ना, हेही विचारून घेते. ट्रायग्लिसराइडचा आकडा डॉक्टरांना तोंडी कळवते, म्हणजे औषध बदलायचं का याचा विचार त्यांना लगेच करता येईल.

सकाळी ८.३०

रात्रीच्या मावशींचा अहवाल समोर आहे. वय पंचावन्नच्या पुढे, मधुमेह, घरी बसून विड्या वळण्याचं काम. भरती होताना केलेल्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये लिपिड प्रोफाइलही होतं. एकूण कोलेस्टेरॉल ९८, एचडीएल १२, एलडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २६०. शिबिरात केलेला त्यांचा जुना अहवाल मुलानं फाईलमध्ये लावला होता. त्यात एकूण २१२, एचडीएल ३८, एलडीएल १३६, ट्रायग्लिसराइड १९०.

कागदावर पाहिलं तर एलडीएल इतकं सुरेख की हृदयरोगतज्ज्ञ खूश व्हावेत. पण मावशी अत्यवस्थ आहेत. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. आमच्या कामात मात्र ते रोज दिसतं.

जिवाणूंचा संसर्ग तीव्र झाला की रक्तातली चरबी दोन दिशांना जाते. कोलेस्टेरॉल खाली येतं, त्यातही एचडीएल सर्वांत वेगानं. ट्रायग्लिसराइड बहुधा वर जातं. यकृत अशा वेळी आपली ताकद संसर्गाशी लढणारी प्रथिनं बनवण्याकडे वळवतं आणि एचडीएलचं मुख्य प्रथिन बनवणं कमी करतं. जे एचडीएल उरतं त्यावर सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि मूळ प्रथिन बाजूला ढकललं जातं. रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात, कण बाहेर झिरपतात, शिरेतून दिलेलं सलाइन उरलेल्या रक्ताला पातळ करतं. त्याच वेळी चरबी फोडून स्नायूंना पुरवणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर थंडावतं, यकृत मात्र ट्रायग्लिसराइडचे कण तयार करत राहतं. म्हणून ते साचतं.

कोलेस्टेरॉलची गरज मात्र याच वेळी वाढलेली असते. अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात ते कोलेस्टेरॉलपासूनच, आणि कॉर्टिसोलशिवाय रक्तदाब टिकत नाही.

२००५ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी तीव्र सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गानं अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णांत पहिल्या दिवशीचं एचडीएल पाहिलं. ते २० च्या खाली असलेल्यांत मृत्यूचा धोका जास्त होता. मावशींचं १२ आहे. मी अहवालाखाली पेनानं खूण करते आणि आयसीयूकडे निघते.

सकाळी १०.००

आयसीयूबाहेरच्या बाकावर मावशींचा मुलगा बसलाय. यंत्रमागावर काम करतो. रात्रभर जागा आहे हे डोळ्यांवरून कळतं. मोबाइलवर आलेला अहवाल तो मला दाखवतो.

"मॅडम, बाकी सगळं लाल अक्षरात आलंय. पण कोलेस्टेरॉल तर एकदम कमी झालंय. हे चांगलंच आहे की?"

त्याच्याजवळ बसते. त्याला खरं सांगायला हवं आणि घाबरवायचंही नाही. "एरवी कमी असणं चांगलं. पण आत्ता ते आजारानं उतरलंय. आईचं शरीर जंतूंशी झगडतंय, त्यात ते खर्च होतंय. आज या आकड्यावरून आनंदही नको आणि त्याची वेगळी भीतीही नको. डॉक्टर बीपी, लघवी आणि लॅक्टेट बघतायत. आईला औषध सुरू झालंय."

"मग तेलतुपाचं काही देऊ का बरं झाल्यावर?"

"बरं झाल्यावर आधी साखर सांभाळायची. आणि पाणी प्यायला लावा. कामाच्या नादात लघवी रोखून बसायचं नाही."

तो मान हलवतो. पूर्व भागातल्या घराघरांत बायका तासन्‌तास एका जागी बसून विड्या वळतात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे, नळाला रोज पाणी नाही, आणि हातातलं काम मोजून द्यायचं असतं. पाणी कमी प्यायलं जातं. मधुमेह असेल तर लघवीच्या संसर्गाला आयतंच निमंत्रण मिळतं. आयसीयूतल्या आकड्यांची सुरुवात अशा ठिकाणी झालेली असते आणि तिथे ती रोखणं खूप स्वस्तात होतं.

आत रेसिडेंट डॉक्टर सांगतो की पहिल्या तासातच कल्चर घेऊन अँटिबायोटिक दिलं. वजनाच्या दर किलोला ३० मिलिलिटर या हिशेबानं सलाइन दिलं. तरी रक्तदाब चढेना, म्हणून नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू आहे. हा सगळा क्रम योग्य आहे. २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे अंदाजे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाले, म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. यातले पुष्कळ लोक वेळेवर औषध मिळालं असतं तर वाचू शकले असते.

दुपारी १२.४०

कल्चरच्या मशीननं बीप दिली. मावशींच्या बाटलीत जंतू वाढलेत, तेही बारा तासांच्या आत. रक्तात जंतू भरपूर असल्याचं हे लक्षण. सूक्ष्मजीवशास्त्राच्या सहकारी काचपट्टीवर थेंब पसरतात. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियान ग्राम यांनी बर्लिनमध्ये ही पद्धत शोधली आणि आजही आयसीयूला सर्वांत आधी खबर देते ती हीच. भिंगाखाली गुलाबी कांड्या दिसतात. ग्रॅम-निगेटिव्ह. लगेच फोन जातो.

चरबीचं आणि जिवाणूचं खरं नातं या गुलाबी कांड्यांच्या कवचात आहे. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो, एका टोकाला साखरेची साखळी आणि दुसऱ्या टोकाला चरबी. कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना रिखार्ड फायफर यांनी १८९२ मध्ये जिवाणूच्या अंगातच असलेल्या या विषाला एंडोटॉक्सिन म्हटलं. त्याचा विषारी भाग म्हणजे चरबीचं टोक, लिपिड ए. जिवाणू वाढताना आणि मरताना त्याचे तुकडे रक्तात सुटतात.

रक्तात सुटलेल्या तुकड्याला दोन वाटा असतात. एक वाट रोगप्रतिकारक पेशींवरच्या टीएलआर-४ या ग्राहकाकडे जाते. तिथे तो चिकटला की धोक्याची घंटा वाजते, दाहाची रसायनं सुटतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो. दुसरी वाट एचडीएल आणि एलडीएलकडे. चरबी चरबीत मिसळते, त्यामुळे विषाचं टोक या कणांच्या आत रुततं आणि पेशींना दिसेनासं होतं. आपल्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते, तसे हे कण रक्तात फिरून तो कचरा उचलतात, यकृताच्या दारात नेऊन रिकामा करतात आणि तिथून तो पित्तावाटे बाहेर पडतो. गाड्याच कमी झाल्या तर कचरा रस्त्यावर राहतो. मावशींचं एचडीएल १२ वर येणं मला टोचतं ते यासाठी.

ज्यांच्या आवरणात हे विष नसतं, त्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंच्या भिंतीतल्या काही घटकांनाही लायपोप्रोटीनचे हे कण बांधून ठेवतात. त्यामुळे त्या संसर्गांतही कोलेस्टेरॉल उतरतं.

दुपारी ३.००

प्रयोगशाळा तंत्रज्ञान शिकणारी मुलं-मुली वर्गात जमलीत. आज विषय लिपिड प्रोफाइल. १९७२ चं फ्रीडवाल्ड सूत्र फळ्यावर लिहिते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरलं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचं नाही, एलडीएल थेट मोजायचं. सकाळचा दुधाळ नमुना दाखवते. फ्रिजमध्ये ठेवल्यावर वर साय धरते का, ते उद्या पाहायला सांगते.

मग त्यांना सांगते की ही गोष्ट नवी नाही. १९६९ मध्ये गॅलिन आणि सहकाऱ्यांनी संसर्ग झालेल्या रुग्णांच्या रक्तातली चरबी मोजली आणि ग्रॅम-निगेटिव्ह संसर्गात ट्रायग्लिसराइड वाढल्याचं दाखवलं. त्यानंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी यांच्यापुढे एक विचित्र दृश्य होतं. परजीवींचा संसर्ग झालेले ससे खंगत चालले होते आणि त्यांचं रक्त मात्र चरबीनं दुधाळ झालं होतं. लायपोप्रोटीन लायपेजला थांबवणारं काहीतरी रक्तात आहे, या संशयावरून ब्रूस बॉइटलर आणि सेरामी १९८५ मध्ये एका प्रथिनापर्यंत पोचले. ते ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर निघालं, दाहाचा एक प्रमुख दूत. पुढे १९९८ मध्ये बॉइटलर यांच्या गटानं एंडोटॉक्सिनचा ग्राहक टीएलआर-४ असल्याचं दाखवलं आणि २०११ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. नळीतल्या दुधाळ द्रवाचं कारण शोधता शोधता विज्ञान सेप्सिसच्या मुळाशी गेलं.

एक मुलगी विचारते, "मॅडम, पूर्वी सेप्सिसचे लोक वाचायचे कसे?"

पुष्कळ वाचायचे नाहीत. मी तिला भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकाची आठवण करून देते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मले आणि १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. कोटणीस नंतर ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले त्याला कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचं नाव आहे. बेथ्यून युद्धभूमीवर हातमोज्यांशिवाय शस्त्रक्रिया करत होते. बोट कापलं, जंतू रक्तात शिरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी सेप्सिसनं ते गेले. पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोचलेलं नव्हतं. आज आपल्या कपाटात जी अँटिबायोटिकं आहेत त्यांतलं एकही त्यांना मिळालं नाही. म्हणून कल्चरची बाटली भरताना हात धुणं, कातडी नीट पुसणं, मोठ्या माणसाच्या बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घालणं आणि ती बाटली फ्रिजमध्ये न ठेवणं, या चार गोष्टी मी या मुलांकडून घोकून घेते.

दुपारी ४.३०

डॉक्टरांची छोटी बैठक. मावशींची केस मांडल्यावर तरुण फिजिशियन विचारतात, "चरबीचे कण विष बांधतात, तर बाहेरून चरबी का देऊ नये?"

हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. १९९६ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना आधी प्रयोगशाळेत बनवलेलं एचडीएल आणि मग थोडं एंडोटॉक्सिन दिलं, तेव्हा त्यांची लक्षणं कमी झाली. आशा वाढली. पण ग्रॅम-निगेटिव्ह सेप्सिसच्या रुग्णांना फॉस्फोलिपिडचं मिश्रण देऊन पाहिलं, त्याचा निकाल २००९ मध्ये आला आणि मृत्यू कमी झाले नव्हते. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांची गोष्टही तशीच. सेप्सिसमुळे फुप्फुसं निकामी झालेल्या ७४५ रुग्णांवर अमेरिकेत रोसुव्हास्टॅटिन वापरून पाहिलं. उपयोग दिसेना म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, निकाल २०१४ चा.

त्याच वर्षी कॅनडातून वेगळी बातमी आली. यकृताच्या दारावर एलडीएल उतरवून घेणारे ग्राहक असतात आणि पीसीएसके-९ हे प्रथिन त्यांची संख्या कमी करतं. ज्यांच्यात जन्मतःच या प्रथिनाचं काम कमी होतं, ते सेप्टिक शॉकमधून जास्त प्रमाणात वाचले. दारं जास्त, तर विष लवकर बाहेर. यातून उपचार निघतो का, यावर संशोधन चालू आहे. आज मात्र मावशींना वाचवणारी गोष्ट जुनीच आहे. योग्य अँटिबायोटिक, पुरेसं सलाइन, साखरेवर ताबा, आणि मूत्रमार्गात खडा अडकला असेल तर तो मोकळा करणं. सोनोग्राफी झाली आहे, अडथळा नाही.

संध्याकाळी ६.००

अहवाल नेण्याची गर्दी. एक निवृत्त शिक्षक थांबून राहतात. न्यूमोनियातून उठून त्यांना दहाच दिवस झालेत. हौसेनं पूर्ण तपासणी करून घेतली आणि एलडीएल ५८ आलं.

"मॅडम, आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू? आणि शेजारी म्हणतात, कोलेस्टेरॉल फार उतरलं की जंतू शिरतात."

"सर, गोळी बंद करू नका. हा आकडा आजारपणाचा आहे. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि तो अहवाल तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळीचा निर्णय त्यावर."

शेजाऱ्यांच्या शंकेलाही उत्तर द्यायला हवं. २०१९ मध्ये अमेरिकेत संसर्गासाठी भरती झालेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. ज्यांचं एलडीएल कमी होतं त्यांना सेप्सिस जास्त झाला होता. पण जनुकांमुळेच ज्यांचं एलडीएल कमी असतं त्यांना तसा धोका दिसला नाही. म्हणजे कमी एलडीएल बऱ्याचदा मधुमेह, यकृताचे विकार, कुपोषण अशा दुखण्यांची सावली असते. हृदयविकार टाळायला घेतलेल्या गोळीला घाबरण्याचं कारण त्यातून निघत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, दर शंभरातल्या ७२ जणांचं एचडीएल मुळातच कमी निघालं. कोलेस्टेरॉल वाढलेले शंभरात १४ होते. जिथे एचडीएल निरोगीपणीही पस्तीसच्या आसपास असतं, तिथे आजारपणातला एकटा आकडा फार थोडं सांगतो. तो जुन्या आकड्याशेजारी ठेवला तरच अर्थ लागतो. मावशींच्या मुलानं फाईलमध्ये जपलेला तो शिबिराचा कागद आज आमच्या फार उपयोगी पडला.

संध्याकाळी ७.४५

मावशींचं लॅक्टेट २.८. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा डोस उतरतोय, तासाला लघवी होतेय. धोका टळला असं म्हणता येत नाही, पण दिशा बरी आहे.

शेजारच्या खाटेवर पायाच्या जखमेतून सेप्सिस झालेले मंगळवेढ्याचे आजोबा आहेत, आठवडा झाला. पहिल्या दिवशी त्यांचं एचडीएल १५ होतं, आज २६. यकृत पुन्हा नेहमीच्या कामाला लागलंय. सुधारणाऱ्या रुग्णांत हे आकडे असे हळूहळू चढतात. कोलेस्टेरॉल वाढल्याचं पाहून डॉक्टरांना समाधान वाटावं, अशी वेळ रुग्णालयात एवढी एकच येते.

रात्री ९.००

दिवसाचं शेवटचं काम टेबलावर आहे. आयसीयूतून किंवा तापाच्या रुग्णाकडून आलेल्या प्रत्येक लिपिड प्रोफाइलखाली छापायची टीप मी पक्की करते: "नमुना तीव्र संसर्गाच्या काळात घेतला आहे. एचडीएल व एलडीएल तात्पुरते कमी आणि ट्रायग्लिसराइड तात्पुरते जास्त असू शकते. हृदयविकाराचा धोका ठरवण्यासाठी हे आकडे वापरू नयेत. बरे झाल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासावे." उद्यापासून ती मराठीत छापली जाईल. कन्नड आणि तेलुगू मजकूर सहकाऱ्यांनी लिहून दिलाय, तो आठवडाभरात येईल.

वाचणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे. तापाबरोबर थंडी वाजत असेल, श्वास जोरात चालत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा हातपाय गार पडत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच तासाला रुग्णालय गाठा आणि घरातले जुने अहवाल बरोबर न्या. त्या रात्री कोलेस्टेरॉल कितीही सुंदर आलं तरी त्यावर विसंबू नका. ते मोजण्याची खरी वेळ माणूस बरा होऊन घरी जेवूखाऊ लागल्यावर येते.